वाड्यापलीकडचं पुणं

पुण्यात पाहुणा आला की त्याला शनिवारवाडा दाखवावाच लागतो. दिल्ली दरवाजाचे खिळे बघून होतात, फोटो निघतात आणि आत गेल्यावर पाहुणा हमखास विचारतो, "पण वाडा कुठाय?" त्याचं काय चुकलं? १७३० साली थोरल्या बाजीरावांनी पाया घातलेल्या या वाड्याची इमारत १८२८च्या आगीत गेली. उरले ते तट, बुरूज, दरवाजे, जोती आणि कारंजी. पाऊण तास पुष्कळ झाला.

मग पाहुणा रिक्षा शोधू लागतो. मी त्याला पायी कसब्यात नेतो. ग्रामदैवत कसबा गणपती, नदीकाठचे थोरला आणि धाकटा शेख सल्ला. पिरांनाही घरातल्या भावांसारखं थोरला-धाकटा म्हणावं, ते मराठीनंच!

पुढे तांबट आळी. ती दिसण्याआधी ऐकू येते. पेशवाईत कोकणातून आलेले हे कारागीर. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके एकाशेजारी एक असे बसवत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं शोभेचं नाही. ठोक्यानं पत्रा कठीण होतो, भांडं टिकतं. स्टील आलं, गीझर आले, बंब अडगळीत गेले आणि आळीतला आवाज विरळ झाला. आता तिथं दिवे आणि शोभेच्या वस्तूही घडतात. बघायला येणाऱ्यानं एखादा तांब्या विकत घ्यावा, नुसते फोटो काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिथून सोमवार पेठेत, नागझरीच्या काठी, त्रिशुंड गणपती. १७५४ साली भीमगिरजी गोसावींनी हे दगडी मंदिर बांधायला घेतलं. मूर्ती तीन सोंडांची, मोरावर बसलेली. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंडानं बांधणारे गोरे शिपाई कोरले आहेत. १७५७च्या प्लासीनंतर इंग्रजांनी बंगाल घशात घातला, त्याचं हे चित्र, असा अर्थ लावतात. पुण्यातल्या कोणा पाथरवटाच्या छिन्नीला ही बातमी पोचली होती म्हणायची!

आत तीन शिलालेख आहेत. दोन संस्कृत, तिसरा फारसी. इथं पाहुणा थबकतो आणि माझ्याकडे बघतो. "तुम्हाला वाचता येत असेल ना?" माझ्या नावामुळे हा प्रश्न येतो. मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर "इतकं शुद्ध मराठी कसं येतं?" असं विचारणारेही हेच. फारसी मला येत नाही. माझ्या आजीलाही येत नव्हती. ती घरात दखनी बोलायची आणि जात्यावर मराठी ओव्या म्हणायची. मी पाहुण्याला एवढंच सांगतो की सकाळपासून तुम्हीच पेशवा म्हणालात, दरवाजा म्हणालात, कसबा म्हणालात. पहिले दोन शब्द फारसीतले, तिसरा अरबीतून आलेला. गोसाव्यांच्या मंदिरात फारसी ओळ कोरताना त्या काळी कुणाला अडचण वाटली नाही. पाहुणा पुन्हा एकदा ती ओळ बघतो. काही जण दगडावरून बोट फिरवतात.

देवळाखाली तळघरात गोसावींची समाधी आहे. एरवी तिथं पाणी असतं. गुरुपौर्णिमेला ते उपसून समाधी दर्शनाला खुली करतात. म्हणून मी पाहुण्यांना पत्रानं कळवून ठेवतो, यायचं तर आषाढात या, छत्री घेऊन.