सहा मीटरची गल्ली, नऊ मीटरचं भांडण

चालता चालता ऐकत असाल, तर आधी एक काम करा. खाली बघा, पायाखाली फूटपाथ आहे का? नसेल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी.

मी पुण्यात राहतो. आमची गल्ली सहा मीटरची, म्हणजे साधारण वीस फूट. एका बाजूला स्कूटर लावलेल्या असल्या आणि समोरासमोर दोन कार आल्या, की एकीला रिव्हर्स घ्यावाच लागतो. तरी गल्ली शांत होती. मग मोबाईलमधल्या मॅपला शोध लागला, की पुढचा सिग्नल टाळायला ही गल्ली बरी पडते. झालं! आता सकाळी नऊनंतर शाळेच्या व्हॅनमध्ये पोरांना बसवायचं म्हणजे एक जण हात आडवा करून उभा.

आता गंमत बघा. एकाच रस्त्याची ओळख तीन जण तीन प्रकारे ठरवतात.

पहिली इंडियन रोड्स काँग्रेस. ते रस्त्याचं काम बघतात. मुख्य रस्ता, उपमुख्य रस्ता, गल्ल्यांची वाहतूक गोळा करणारा रस्ता आणि स्थानिक रस्ता अशा चार पायऱ्या. 1983 च्या त्यांच्या मानकात मुख्य रस्त्याला ताशी 80 किलोमीटरचा वेग धरला होता, स्थानिक रस्त्याला 30 चा. स्थानिक रस्त्याची रुंदी होती 10 ते 20 मीटर. म्हणजे आमची गल्ली त्यातल्या सगळ्यात खालच्या पायरीवरही मावत नव्हती!

दुसरा बांधकामाचा नियम. तो बघतो फक्त रुंदी. राज्याची 2020 ची एकत्रित बांधकाम नियमावली घ्या. गावठाण आणि दाट वस्ती सोडून इतर भागात रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असेल, तर मूळ एफएसआय 1.10, संपला विषय. नऊ मीटर झाला की प्रीमियम आणि टीडीआर धरून तो 2 पर्यंत जातो.

आणि तिसरा आपला मॅप. तो बघतो फक्त मिनिटं. तुमच्या दारात आजोबा काठी टेकत चाललेत, हे त्याला कुठून कळणार?

म्हणूनच 2020 मध्ये पुणे महापालिकेत सहा मीटरचे 323 रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शहरात एवढा वाद पेटला. बाजूने बोलणारे म्हणाले, जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास अडलाय. विरोधक म्हणाले, झाडं जातील, कंपाउंड जातील, गर्दी वाढेल.

मी अर्थातच विरोधकांच्या बाजूचा. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला मी जोरात भाषण ठोकलं. संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अरे, तुझे गुडघे अजून नवे आहेत. मला खाली उतरायचं म्हणजे दोन दिवस आधी ठरवावं लागतं. रस्ता नऊचा झाला, तर लिफ्टवाली बिल्डिंग होईल ना?"

खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंना लिफ्ट हवी, यात चूक काय? पण लिफ्टने खाली आल्यावर त्या चालणार कुठे?

घरी येऊन गणित मांडलं. नऊ मीटरमधून दोन्ही बाजूंना 1.8 मीटरचा फूटपाथ काढला, तर गाड्यांना उरतात 5.4 मीटर. म्हणजे आजच्या सहाहूनही कमी! फूटपाथ नाही काढला, तर नऊच्या नऊ मीटर गाड्यांचे. मग मॅप आणखी खूश होणार. म्हणजे रस्ता रुंद होणार की नाही, एवढाच प्रश्न नाही. वाढलेले तीन मीटर कोणाचे, हा खरा प्रश्न आहे.

आता कामाची गोष्ट. महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची रेषा ठरते. त्यासाठी स्थायी समितीच्या बैठकीआधी किमान एक महिना जाहीर नोटीस द्यावी लागते आणि त्या रस्त्यावरही लावावी लागते. हरकत आणि सूचना लेखीच द्यायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर कितीही भांडा, तिची नोंद होत नाही.

आणि नुसतं "आमचा विरोध आहे" असं लिहू नका. सकाळी पंधरा मिनिटं दारात उभे राहा. किती गाड्या गेल्या आणि त्यातल्या किती गल्लीतच थांबल्या, ते वेगवेगळं मोजा. आम्ही मोजलं. थांबणाऱ्या गाड्या एका हाताच्या बोटांवर मावल्या, बाकी सगळ्या पाहुण्या!

आमच्याकडे अजून नोटीस लागलेली नाही. पण अर्ज तयार आहे. त्यात दोन मागण्या आहेत. रुंदीकरण होणार असेल, तर आधी फूटपाथची रेषा नकाशात आखा. आणि गल्ली एका टोकाला आरपार गाड्यांसाठी बंद करा. पायी आणि सायकलला मोकळी ठेवा. दुसऱ्या मागणीवर सोसायटीत अजून भांडण चालू आहे, कारण आमच्याही कारना वळसा पडणार. माझ्या बाबांचाच विरोध आहे!

काकूंनी मात्र सही केली. मला त्यांच्या घरी जावं लागलं, कारण त्या खाली येऊ शकत नव्हत्या.

तुमच्या गल्लीची रुंदी किती? आज टेप घेऊन मोजाच, आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर रस्ता ओलांडताना हेडफोन काढा हां!