लोकरीचा धागा आणि त्याची जोड

मेंढीच्या लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो नागमोडी दिसतो आणि त्याच्या अंगावर खवले दिसतात. विणकामात लोकरीचे जे गुण-अवगुण अनुभवाला येतात, ते बहुतेक या दोन गोष्टींतून निघतात. नागमोडीमुळे तंतूंमध्ये हवा अडकते, म्हणून ऊब येते. ताणलेला धागा पुन्हा जागेवर येतो, म्हणून मनगटाची पट्टी ढिली पडत नाही. खवल्यांमुळे तंतू एकमेकांना धरून राहतात. ओलावा, उष्णता आणि घासणे ही तिन्ही एकत्र आली की हेच खवले एकमेकांत कायमचे गुंततात आणि कापड आटून जाड होते. काश्मीरचे नमदे याच गुणावर तयार होतात. गरम पाण्यात खळबळून धुतलेला मोठ्या माणसाचा स्वेटर धाकट्या भावाच्या मापाचा होतो, तोही याच गुणामुळे.

लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. पहाटेच्या दवात लोकरीची टोपी घातलेला माणूस कुडकुडत नाही, त्याचे कारण हे आहे.

दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा माल मात्र मेंढीचा नसतो. तो अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून काढलेला धागा असतो. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने १९४१ मध्ये हा तंतू शोधला आणि १९५० पासून ‘ऑरलॉन’ या नावाने बाजारात आणला. तो स्वस्त आहे, हलका आहे, त्याचे रंग टिकतात आणि त्याला कसर लागत नाही. उणीव अशी, की तो जेमतेम एक-दोन टक्के ओलावा शोषतो. धावून आलेल्या मुलाच्या अंगाला तो चिकट लागतो. तरीही महाराष्ट्रातल्या चार दिवसांच्या थंडीसाठी आणि रोज धुवाव्या लागणाऱ्या बाळाच्या कपड्यांसाठी अ‍ॅक्रिलिकला नाके मुरडण्याचे कारण नाही. हातातला धागा कोणता हे ठाऊक नसताना विणायला बसणे मात्र महागात पडते. सुई, माप, जोड आणि धुणे या चारही गोष्टी धाग्याच्या जातीवर ठरतात.

ओळख पटवण्याची घरगुती रीत सोपी आहे. बोटभर धागा चिमट्यात धरून, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, मेणबत्तीवर न्यावा. खरी लोकर नाखुशीने जळते, ज्योत दूर केली की बहुधा विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरता येते. अ‍ॅक्रिलिक भुरुभुरु पेटते, वितळते आणि मागे काळा, कडक मणी राहतो. सूत कागदासारखे जळते आणि करडी भुरी राख सोडते. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. तिथे लेबलावरची टक्केवारी वाचणे हाच मार्ग.

खऱ्या लोकरीतही जाती आहेत. मेरिनो मेंढीच्या तंतूची जाडी साधारणपणे १७ ते २४ मायक्रॉन असते. जाडी ३० मायक्रॉनच्या वर गेली की तंतूंची टोके कातडीला बोचू लागतात. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर या भागांत धनगरांच्या कळपांतून निघणारी दख्खनी मेंढीची लोकर याहून जाड, आखूड आणि बहुतेक काळी असते. ती घोंगडीसाठी उत्तम. सणगर ती मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देतात; अशी घोंगडी पाऊस आणि थंडी दोन्ही अडवते. पण त्या लोकरीचा गळ्यालगतचा मफलर कोणी विणला तर दुसऱ्या दिवशी तो खुंटीवरच राहील. अंगाशी येणाऱ्या वस्तूला मऊ लोकर, वरून घालायच्या जाकिटाला भरड लोकर, हा साधा नियम आहे. गुंडा गालाला किंवा मानेला लावून पाहावा. तळहात या बाबतीत फसवतात, कारण त्यांची कातडी राठ असते.

धाग्याची जाडी पदरांवरून सांगण्याची पद्धत आहे: दोन पदरी, तीन पदरी, चार पदरी. पदर म्हणजे एकत्र पिळलेल्या सुतांची संख्या; त्यातले प्रत्येक सूत किती जाड आहे हे ती संख्या सांगत नाही. त्यामुळे दोन कंपन्यांचे चार पदरी धागे सारखे निघतीलच असे नाही. लेबलावर वजनाबरोबर लांबी छापलेली असेल तर तिच्यावर भरवसा ठेवावा. सूत लोकरीपेक्षा जड आणि अ‍ॅक्रिलिक लोकरीपेक्षा हलके, म्हणून सारख्याच जाडीच्या धाग्याचे १०० ग्रॅम घेतले तर अ‍ॅक्रिलिक सर्वांत लांब भरते आणि सूत सर्वांत कमी. पुस्तकात लोकरीसाठी दिलेला नमुना सुतात विणायचा झाला तर हिशेब मीटरने करावा.

पिळाकडेही पाहावे लागते. घट्ट पिळाचा धागा टिकाऊ असतो आणि त्यात जाळी किंवा वेणीचे नक्षीकाम उठून दिसते. सैल पिळाचा धागा मऊ आणि उबदार, पण कोपरापाशी त्याच्या गोळ्या होतात. मोज्यांच्या टाचेला सैल धागा वापरला तर एका हिवाळ्यात भोक पडते.

सुयांच्या नंबरात एक जुना घोळ आहे. भारतात ब्रिटिश नंबर रूढ झाले. त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. अमेरिकेत नेमके उलट. तिथला ८ नंबर ५ मिलिमीटरचा. इंटरनेटवरून उतरवलेला अमेरिकी नमुना आईच्या डब्यातल्या ८ नंबरच्या सुयांवर विणला, तर स्वेटर आखूड आणि ताठ होणारच. मिलिमीटर पाहून सुई घेतली की हा प्रश्न उरत नाही.

त्यानंतर नमुन्याचा चौकोन. हा कंटाळवाणा वाटतो आणि म्हणूनच बहुतेक जणी तो टाळतात. गणित असे आहे: पुस्तकात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितले आहेत आणि छातीचे माप ९० सेंटिमीटर आहे, पुढचा आणि मागचा भाग मिळून १९८ टाके घालायचे. विणणारीचा हात सैल असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये २० टाकेच बसत असतील, तर त्याच १९८ टाक्यांचा घेर ९९ सेंटिमीटर होतो. दोन टाक्यांचा फरक नऊ सेंटिमीटरला पडतो. म्हणून हाताच्या पंजाएवढा चौकोन विणून, धुऊन, सुकवून मगच टाके मोजावेत. सैल हाताने बारीक सुई घ्यावी, घट्ट हाताने जाड.

खरेदीच्या वेळी रंगाच्या नंबराइतकाच लॉटचा नंबर महत्त्वाचा. एकाच रंगाची दोन वेळा केलेली रंगाई कधीही तंतोतंत जुळत नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. स्वेटर पूर्ण झाल्यावर उन्हात पाठीवर आडवी रेघ उमटते. लोकर एकदाच आणि एक गुंडा जास्त घ्यावी. निरनिराळ्या लॉटचे गुंडे गळ्यात पडलेच, तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन ओळी दुसऱ्याच्या असे आलटून पालटून विणावे. रेघ पसरते आणि डोळ्यांना जाणवत नाही.

आता जोड. गुंडा संपत आला की धागा पुढची ओळ पुरेल का, हे अंदाजाने ठरवू नये. उरलेला धागा दुहेरी करून मधोमध एक सैल सरकगाठ मारावी आणि एक ओळ विणावी. गाठीपर्यंत न पोहोचता ओळ संपली, तर आणखी एक ओळ होईल. गाठ ओलांडावी लागली, तर नवा गुंडा आताच घ्यायचा.

सर्वांत निर्धोक जोड कडेला होते. ओळीच्या सुरुवातीला जुन्या आणि नव्या धाग्याचे वीतभर शेव मोकळे सोडून नव्याने विणायला लागावे. शिलाईत ते शेव लपतात. मफलरला शिलाई नसते आणि त्याच्या दोन्ही कडा दिसतात, म्हणून तिथे जोड कडेपासून काही टाके आत घ्यावी. गोल विणलेल्या टोपीला कडच नसते. अशा ठिकाणी धाग्याची जात पुन्हा निर्णायक ठरते.

शुद्ध लोकर असेल तर तिच्या खवल्यांनाच कामाला लावता येते. दोन्ही शेवांचे पीळ तीन-तीन इंच उकलावेत. चार पदरी धागा असेल तर प्रत्येक शेवाचे दोन पदर तोडून टाकावेत. कात्रीने न कापता हाताने ओढून तोडावेत, म्हणजे टोके निमुळती होतात. मग दोन्ही शेव एकमेकांवर समोरासमोर ठेवून, पाण्याचे दोन थेंब लावून, दोन तळव्यांमध्ये चांगले गरम होईपर्यंत चोळावेत. तंतू गुंततात, जाडी मूळ धाग्याएवढीच राहते आणि ना गाठ उरते, ना शेव. सुकल्यावर ही जोड शोधूनही सापडत नाही. मात्र ‘सुपरवॉश’ असे लेबल असलेल्या लोकरीला हा उपाय लागू पडत नाही. यंत्रात धुता यावी म्हणून तिचे खवले रासायनिक प्रक्रियेने बोथट केलेले किंवा झाकलेले असतात. अ‍ॅक्रिलिक आणि सूत कितीही चोळले तरी तळवे तेवढे लाल होतात.

त्यांच्यासाठी रशियन जोड. मोठ्या नेढ्याच्या सुईत जुना शेव ओवून, त्याच धाग्याच्या पदरांमधून सुमारे दोन इंच मागे नेतात. टोकाशी एक फास राहतो. नवा शेव त्या फासातून काढून तोही तसाच स्वतःच्या पदरांत मागे नेतात. दोन फास एकमेकांत अडकतात. धागा त्या जागी किंचित जाड होतो, पण सुटत नाही. पट्ट्यांच्या नक्षीत रंग नेमक्या टाक्यावर बदलायचा असेल तर ही जोड विशेष उपयोगी, कारण दोन रंगांची सीमा त्या फासांवरच येते.

गाठीविषयी मतभेद आहेत. गाठ लवकर बसते, पण ती धुण्यात सुटते किंवा नको तिथे सुलट बाजूला डोके काढते. गिरणीतून आलेल्या गुंड्यातही कधी कधी गाठ असते. ती तशीच विणून पुढे न जाता कापून नीट जोड घ्यावी. बाळाच्या मोज्यांत गाठ नकोच, आणि आत लोंबणारा धागा तर मुळीच नको. तो बोटाला गुंडाळून रक्तपुरवठा अडवू शकतो, आणि बाळ का रडते हे मोजा काढेपर्यंत कळत नाही.

दोन रंग एकाच ओळीत येतात तेव्हा जोड वेगळी होते. रंगांचे मोठे ठोकळे असतील तर प्रत्येक सीमेवर दोन्ही धाग्यांना एकमेकांभोवती वेढा द्यावा, नाहीतर तिथे चीर पडते. लहान नक्षीत न वापरलेला रंग मागून तरंगत नेतात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांतल्या फेअर आयलची ही खासियत; १९२० च्या दशकात इंग्लंडच्या युवराजाने तसा स्वेटर घातल्यावर ती जगभर पोहोचली. शेटलंडमध्ये स्वेटर गोल नळीसारखा विणतात आणि मुंढ्याच्या जागी तो चक्क कात्रीने कापतात. तिथली लोकर इतकी धरून राहते की कापलेले टाके उसवत नाहीत. हा प्रयोग अ‍ॅक्रिलिकवर करू नये.

भाग जोडतानाही तोच विवेक हवा. बाजूच्या शिवणीला दोन्ही भाग सुलट बाजू वर करून शेजारी ठेवावेत आणि कडेच्या टाक्यामागचे आडवे दोर आळीपाळीने उचलत जावे. दोरा ओढला की शिवण मिटते. खांदे तीन सुयांनी एकत्र बंद करता येतात. ती शिवण पक्की असते आणि बाह्यांचे वजन पेलते. मोज्यांच्या चवड्याला मात्र उंचवटा चालत नाही. तिथे सुईने सुलट टाक्यांची नवी ओळच ओवून दोन कडा एक करतात. या पद्धतीला पहिल्या महायुद्धातला ब्रिटनचा युद्धमंत्री लॉर्ड किचनर याचे नाव चिकटले आहे. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता तोच हा.

शेव लपवताना ते एकाच दिशेने न ओवता एकदा वळवून परत आणावेत. कापण्यापूर्वी कापड चारी बाजूंनी ताणून पाहावे, म्हणजे टोक मागाहून बाहेर येत नाही.

खरी लोकर कोमट पाण्यात, सौम्य साबणात, न चोळता धुवावी. पिळू नये, पंचात गुंडाळून दाबावी आणि सावलीत सपाट पसरून सुकवावी. ओली असतानाच तिला हवा तो आकार देता येतो. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर ते लुळे पडते आणि पुन्हा उभारी धरत नाही. परदेशातल्या नातवंडासाठी स्वेटर विणायचा असेल तर तिथे तो धुलाईयंत्रात आणि सुकवणीयंत्रात जाणार हे धरून सुपरवॉश किंवा अ‍ॅक्रिलिक घ्यावे. लोकरीचे कपडे पेटीत ठेवताना धुऊनच ठेवावेत, कारण कसर मळ आणि घामाच्या डागांवर आधी येते. उरलेला छोटा गुंडा लेबलासकट जपावा, आणि स्वेटर धुताना त्यातली एक लहान लडी सोबत धुऊन घ्यावी. चार-पाच वर्षांनी कोपर विरल्यावर रफूचा रंग जुळतो.