गिंडीचं रान आणि हरणांची वाट



आज आपण हरणांविषयी बोलणार आहोत, आणि तेही चेन्नईच्या हरणांविषयी. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, "चेन्नईत हरणं?" हो, शहराच्या अगदी पोटात. विमानतळाकडून अड्यारकडे येताना वाटेत गिंडीचं राष्ट्रीय उद्यान लागतं. त्याच्या एका अंगाला राज्यपालांचं निवासस्थान आणि दुसऱ्या अंगाला आयआयटी. या सगळ्या पट्ट्यात चितळ आणि काळवीट राहतात.

ही जमीन एके काळी शिकारीची होती. पाचशे हेक्टरांहून थोडं मोठं रान. गिल्बर्ट रॉड्रिक्स नावाच्या माणसाची इथे मालमत्ता होती. ती १८२१ मध्ये सरकारने पस्तीस हजार रुपयांना विकत घेतली आणि पुढे मद्रासच्या गव्हर्नरांचा मुक्काम इथे पडू लागला. १९१० साली हे राखीव जंगल झालं. १९२४ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी इथे काळवीट आणून सोडले, असं सांगितलं जातं. चितळ त्यानंतरचे. शिकारीसाठी राखलं म्हणूनच हे रान वाचलं, नाहीतर इथे केव्हाच वसाहती उठल्या असत्या. आपल्याकडेही असंच घडलंय. राधानगरी-दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान म्हणून राखलं गेलं आणि १९५८ मध्ये त्याचं अभयारण्य झालं.

आता मुद्द्याकडे येऊ. हरीण एका जागी का थांबत नाही?

सैन्यात आम्हाला सगळ्यात आधी शिकवतात ते जमीन वाचायला. पाणी कुठे आहे, आडोसा कुठे आहे, नजर कुठवर पोचते, रसद कुठून येणार. हरीणही रोज हेच वाचत असतं. फरक इतकाच, की आपला नकाशा वर्षभर तोच राहतो आणि हरणाचा नकाशा ऋतूगणिक बदलतो.

रसदीपासून सुरू करू. गवत कोवळं असतं तेव्हा त्यात प्रथिनं भरपूर असतात. तेच गवत वाळलं की त्यात नुसता चोथा उरतो. हरीण रवंथ करणारं जनावर. वाळला चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो, पोट भरतं पण अंगी लागत नाही. पिलाला पाजणाऱ्या मादीला हे सगळ्यात जड जातं. म्हणून पावसाळ्यात जे माळ हरणांनी भरलेले असतात, तेच उन्हाळ्यात ओस पडतात. चितळ अशा वेळी झाडांखाली सरकतो. गळलेली पानं, फुलं, फळं, झुडपांचे शेंडे खातो. काळविटाचा जीव मात्र गवतात.

दोघांचा आडोसाही निराळा. चितळाला झाडी आणि मोकळं रान यांची सीमा आवडते. चरायला बाहेर, धोका दिसला की आत. काळवीट भरवसा ठेवतो डोळ्यांवर आणि पायांवर. त्याला लांबवर दिसलं पाहिजे आणि धावायला जागा पाहिजे. तमिळमध्ये त्याला 'वेळिमान' म्हणतात. 'वेळि' म्हणजे उघडी जागा, 'मान' म्हणजे हरीण. नावातच सगळं आलं. झुडपं वाढली की काळवीट तिथून निघून जातो, गवत शिल्लक असलं तरी.

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा हिरवा काळ. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. म्हणजे विदर्भातलं गवत पिवळं पडत असतं तेव्हा गिंडीचं हिरवं होत असतं. फेब्रुवारीनंतर इथे जमीन तापू लागते, तळी आटतात, आणि मे महिन्यापर्यंत जनावर पाण्याच्या आसपास गोळा होतं. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे तलाव कोरडे पडले होते, माणसं टँकरमागे धावत होती. हरणाने कुणामागे धावावं?

मोकळ्या मुलखात याचं उत्तर सोपं होतं. इथे चारा संपला की पलीकडे जायचं. गिंडीत ती सोय राहिली नाही. १९५८ पासून या रानाचे तुकडे पडत गेले. आधी आयआयटी आणि बालोद्यान. मग १९६१ ते १९७७ या काळात सुमारे १७२ हेक्टर जमीन वेगवेगळ्या सरकारी खात्यांकडे गेली. १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं ते २.७ चौरस किलोमीटरचं, देशातल्या सगळ्यात लहान उद्यानांपैकी एक. मध्ये भिंती आल्या, बाजूला सरदार पटेल रोड आला. मेलेल्या हरणाच्या पोटात प्लॅस्टिक सापडणं, भटक्या कुत्र्यांनी पाडस मारणं, गाडीखाली चितळ येणं, या बातम्या आपण वाचतो. त्यातलं प्रत्येक हरीण मूर्ख नव्हतं. ते ऋतूप्रमाणे आपल्या वाटेने निघालं होतं. वाट आपण बदलली.

अमेरिकेत खासगी शिकारजमिनींचे मालक हरीण आपल्या हद्दीत टिकावं म्हणून पेरणी करतात, पाणी करतात, झाडीचे पट्टे राखतात. आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ मध्ये या विषयावर 'गेम मॅनेजमेंट' हे पुस्तकच लिहिलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. पण शिकार थांबवली म्हणजे जमिनीची निगा राखायचं कामही संपलं, असा समज आपण करून घेतला. तो महागात पडतो.

बंद जागेत काय होतं याचं एक उदाहरण देतो. अलास्काजवळ सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे. १९४४ मध्ये तिथे २९ रेनडियर सोडले. शत्रू कोणी नाही, चारा मुबलक. १९६३ पर्यंत ते सहा हजार झाले. चारा खरवडून संपला, एक कडक हिवाळा आला, आणि १९६६ मध्ये मोजले तेव्हा उरले होते ४२. गिंडी हेसुद्धा बेटच आहे, फक्त भोवती समुद्राऐवजी शहर आहे.

मग करायचं काय?

पहिलं, गवताळ जागा राखणं. वेडी बाभूळ माळावर पसरली की काळवीटाचं घर जातं. उन्हाळ्यात हरणं तिच्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी पसरवतात, म्हणजे एकदा उपटून भागत नाही, दरवर्षी मागे लागावं लागतं. तमिळनाडूच्या दक्षिणेला कोडिक्करैला, जुन्या तंजावर मुलखात, काळविटांसाठी १९६७ मध्ये अभयारण्य झालं. तिथेही हीच बाभूळ, आणि गवतात वाटेकरी म्हणून मोकाट घोडे. पण उत्साहाच्या भरात सगळीच झाडी साफ करायची नाही. तो चितळाचा आडोसा आहे आणि गिंडीचं मूळ शुष्क सदाहरित जंगलही.

दुसरं, पाणी एका जागी न ठेवता चार जागी ठेवणं. एकच पाणवठा असला की त्याच्या भोवतालचं गवत मुळापासून जातं.

तिसरं आपल्या हातातलं. केळी, बिस्किटं, उरलेला भात देऊ नका. दया म्हणून दिलेला घास हरणाला कुंपणाकडे आणि रस्त्याकडे ओढतो. पिशव्या टाकू नका. पहाटे आणि संध्याकाळी या रस्त्यावर गाडी हळू चालवा.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांनी हे चेन्नईचं दुखणं समजू नये. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० चं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. तिथले काळवीट आजूबाजूच्या ज्वारी-हरभऱ्यात उतरतात. शेतकरी चिडतो, आणि त्याचं चिडणं खरं आहे. वर्षाची कमाई जाते. पण नुसतं कुंपण घालून हा प्रश्न सुटणार नाही. आत चांगलं गवत असेल तर बाहेर जाणारी पावलं कमी होतील, आणि जे नुकसान होईल त्याची भरपाई वेळेवर मिळाली तर शेतकरी हरणाचा वैरी होणार नाही. दोन्ही कामं बरोबरीने करावी लागतील.

तेव्हा पुढच्या वेळी हरीण रस्त्यावर दिसलं, तर "हे इथे कसं आलं?" एवढंच विचारून थांबू नका. ते जिथून आलं तिथे या महिन्यात काय संपलं, हे विचारा. आपल्या वनखात्याला, ग्रामपंचायतीला, महापालिकेलाही हाच प्रश्न विचारा.

जय हिंद.