ब्राह्मीला बारा आठवडे द्या



परवा बोरी अरबला एक माउली भेटली. मुलगी दहावीला. म्हणाली, "सर, सोमवारी पेपर हाये. ब्राह्मीचं औषध आणलं, आजपासून देऊ का?" मी नको म्हटलं, तसा तिचा चेहरा उतरला. रस्त्यात उभ्या उभ्या जे नीट सांगता आलं नाही, ते आज सांगतो.

ब्राह्मी म्हटलं की आधी विचारावं लागतं, कोणती? आपल्या महाराष्ट्रात अनेक जण ज्या गोल, कातरलेल्या कडेच्या पानांच्या वेलीला ब्राह्मी म्हणतात, ती खरं तर मंडूकपर्णी. चरकाचार्यांनी बुद्धीसाठी सांगितलेल्या चार रसायनांत ती पहिली येते. मग दुधातून ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पी. दुसरी ती जलब्राह्मी. जमिनीलगत पसरणारी, बारीक मांसल पानांची, फिकट निळसर पांढऱ्या फुलांची आणि चवीला कडू. आधुनिक प्रयोगशाळांनी स्मरणशक्तीसाठी जास्त अभ्यास केला तो हिचा. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने तिच्यातल्या बॅकोसाइड या घटकांवर वर्षानुवर्षं काम केलं. प्रमाणित अर्कात हे घटक मोजून ठरवलेले असतात. घरी वाटलेल्या पाल्यात ते किती उतरले, हे कोणालाच सांगता येत नाही.

आता सोमवारच्या पेपराचं. ऑस्ट्रेलियात 2001 साली 38 निरोगी माणसांपैकी काहींना 300 मिलिग्रॅम अर्क आणि बाकीच्यांना नुसती बिनऔषधी गोळी देऊन दोन तासांनी परीक्षा घेतली. फरक शून्य. त्याच वर्षी तिथल्याच दुसऱ्या प्रयोगात अर्क रोज दिला, तेव्हा गुण सर्वांत ठळक दिसला तो बाराव्या आठवड्यात. पुढच्या वर्षी 76 जणांवर तीन महिने प्रयोग झाला. त्यांचा नवं शिकण्याचा वेग वाढला नाही, पण शिकलेलं विसरणं कमी झालं. हे मला फार मोलाचं वाटतं. डोक्यात जे शिरलंच नाही, ते ब्राह्मी कुठून धरून ठेवणार? अर्थात ही सगळी मोठी माणसं होती. त्यांचे निकाल आपल्या लेकरांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

प्रत्येक वनस्पती अशी कसोटीला उतरत नाही. गिंको या झाडाचा अर्क अमेरिकेत 3,000 हून अधिक वृद्धांना सुमारे सहा वर्षं देऊन पाहिला, तरी स्मृतिभ्रंश टळला नाही. तो निष्कर्ष 2008 साली आला.

आणि एक कळकळीची विनंती. अडाण नदीच्या काठी किंवा शेतातल्या नाल्यात जलब्राह्मी दिसली, तरी उपटून घरी आणू नका. ही वनस्पती पाण्यातलं शिसं, कॅडमियम शोषून अंगात साठवते. आपला तर कापसाचा मुलूख. फवारणीचं पाणी कोणत्या नाल्याला जातं, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. शुद्ध अर्कानेही काहींना मळमळ होते, पोट बिघडते. ऐन परीक्षेत ते कशाला? बुद्धीसाठी म्हणून बाळगुटीत देतात त्या वेखंडाबद्दलही वैद्यांना जरूर विचारा. त्यातल्या बीटा-असारोन या घटकामुळे अमेरिकेने 1968 साली ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली.

त्या माउलीला म्हटलं, परीक्षा झाली की या, वैद्यांना विचारून जूनमध्ये ठरवू. रविवारी रात्री मात्र पोरीला लवकर झोपू द्या. दिवसभर वाचलेलं झोपेतच पक्कं होतं. तिने बाटली पिशवीत ठेवली आणि विचारलं, "किती वाजता झोपवू?"