संगणकावरील सुरक्षा-प्रमाणपत्राचा इशारा : अर्थ आणि उपाय



शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असतो. शाळेच्या कार्यालयातील जुना संगणक सुरू होतो, शिक्षक संकेतस्थळाचा पत्ता टंकित करतात आणि पडद्यावर अर्जाऐवजी इशारा उमटतो : ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही.’ बाहेर पालक रांगेत तिष्ठत असतात. अशा वेळी बहुधा दोहोंपैकी एक घडते. कोणी घाबरून संगणक बंद करतो व पालकांना परत पाठवितो. तर कोणी इशारा न वाचताच ‘पुढे जा’ या अक्षरांवर दाबून मोकळा होतो. पहिल्या वागण्याने विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती हुकण्याचा संभव असतो. दुसऱ्याने त्याच्या बँक-खात्याची माहिती परक्याच्या हाती पडण्याचा. वस्तुतः हा इशारा नीट वाचला, तर पुष्कळदा थोडक्या वेळात वाट मोकळी होते आणि जेथे थांबणे इष्ट, तेथे थांबताही येते.

प्रथम हे प्रमाणपत्र म्हणजे काय, ते पाहणे अगत्याचे आहे. कोणताही दस्तऐवज हाती घेतला की जाणता माणूस तीन गोष्टी तपासतो : त्यावर नाव कोणाचे आहे, त्याची मुदत शिल्लक आहे काय, आणि शिक्का कोणाचा आहे. संकेतस्थळ उघडताना ब्राउझरही हेच करतो. संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र पुढे करते. त्यावर संकेतस्थळाचे नाव, मुदतीचा आरंभ व अंत, आणि ते देणाऱ्या प्रमाणन संस्थेची सही असते. विश्वासपात्र संस्थांची यादी ब्राउझरजवळ किंवा संगणकाच्या प्रणालीत आधीच ठेवलेली असते. तिन्ही गोष्टी जुळल्या, म्हणजे दोन्ही बाजूंमधील मजकूर गुप्त लिपीत जाऊ-येऊ लागतो. एक जरी गोष्ट जुळली नाही, तरी इशारा येतो.

यांपैकी सर्वांत साधे आणि वारंवार आढळणारे कारण म्हणजे संगणकाचे चुकलेले घड्याळ. संगणक बंद असतानाही त्याचे घड्याळ चालू राहावे म्हणून आत नाण्याच्या आकाराचा एक सेल बसविलेला असतो. पुष्कळ यंत्रांत तो ३ व्होल्टचा, ‘सीआर २०३२’ या क्रमांकाचा असतो. सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग या वर्षी दिलेले प्रमाणपत्र संगणकाला ‘अजून सुरूच न झालेले’ वाटते आणि एकामागून एक सर्व चांगली संकेतस्थळे नाकारली जातात. म्हणून इशारा दिसताच प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख, वेळ आणि विशेषतः वर्ष पाहावे. वेळेचा विभाग भारताचा, म्हणजे ५ तास ३० मिनिटे पुढचा आहे ना, तेही तपासावे. ते दुरुस्त करून पान पुन्हा उघडावे. दररोज सकाळी घड्याळ मागे पडत असेल, तर सेल बदलणे हाच उपाय होय.

घड्याळ बरोबर असून एकाच संकेतस्थळावर मुदतीचा इशारा येत असेल, तर प्रमाणपत्राचे नूतनीकरण राहून गेले आहे, असे समजावे. येथे पाहणाऱ्याच्या हाती दुरुस्ती नसते. पडद्यावरील मजकूर जसाच्या तसा उतरून घेऊन संबंधित कार्यालयास दूरध्वनीने कळवावा. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हा मुद्दा पुढेही महत्त्वाचा आहे. १ सप्टेंबर २०२० पासून अशा प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस करण्यात आली. आणि २०२५ मध्ये झालेल्या निर्णयानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस व १५ मार्च २०२९ पासून केवळ ४७ दिवस ठरविण्यात आली आहे. वर्षातून एकदा आठवणीने करण्याचे हे काम यापुढे यंत्रणेवरच सोपवावे लागेल.

दुसरे कारण नावाचे. पत्ता टंकित करताना एखादे अक्षर चुकले, तर भलतेच संकेतस्थळ उघडू शकते. कधी प्रमाणपत्र एका नावाने घेतलेले असते आणि संकेतस्थळ दुसऱ्या नावानेही उघडते. अशा वेळी पत्ता पुसून, छापील परिपत्रकात पाहून पुन्हा टंकित करावा. रेल्वे स्थानकावर किंवा वसतिगृहात मिळणाऱ्या सार्वजनिक वाय-फायवर आणखी एक प्रकार घडतो : तेथील यंत्रणा आधी स्वतःचे नोंदणीचे पान दाखवू पाहते, आणि ब्राउझरला मागितलेल्या नावाऐवजी निराळेच नाव दिसते. त्या जाळ्यावर रीतसर नोंद करावी, अथवा मोबाइलच्या जोडणीवरून तेच पान उघडून पाहावे. तेथे ते विनातक्रार उघडले, तर दोष संकेतस्थळाचा नसून आधीच्या जोडणीचा किंवा त्या संगणकाचा असण्याचा संभव अधिक.

तिसरे कारण शिक्क्याचे. जुन्या संगणकातील विश्वासपात्र संस्थांची यादी जुनीच राहते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका मोठ्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभर अनेक जुन्या उपकरणांवर निर्दोष संकेतस्थळेही उघडेनाशी झाली. ब्राउझर व प्रणाली अद्ययावत करणे हा यावरील खरा इलाज होय. फायरफॉक्स हा ब्राउझर स्वतःची यादी बाळगत असल्याने जुन्या यंत्रावर त्याची नवी आवृत्ती बसत असल्यास तात्पुरती सोय होते. विंडोज ७ ला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजीच बंद झाले आहे. असे संगणक अर्ज भरण्याच्या कामातून हळूहळू काढून घेणे श्रेयस्कर.

इतकी तपासणी करूनही इशारा कायम राहिला, तर मात्र थांबावे. खोटा शिक्का ही केवळ कल्पना नव्हे. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणन संस्थेच्या यंत्रणेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र निघाले व ते इराणमधील लोकांचा पत्रव्यवहार पाहण्यासाठी वापरले गेले. तेथील एका व्यक्तीच्या ब्राउझरने दिलेल्या इशाऱ्यावरून ऑगस्टमध्ये हा प्रकार उघडकीस आला. सप्टेंबरमध्ये त्या संस्थेचे दिवाळे निघाले. जुलै २०१४ मध्ये भारतातही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले व प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांकडून संबंधित प्रमाणपत्रे रद्द करण्यात आली. त्या इराणी व्यक्तीने इशारा डोळ्यांआड केला असता, तर लबाडी आणखी काही काळ झाकलेली राहिली असती.

म्हणून जेथे परवलीचा शब्द, आधार क्रमांक, बँक-खाते किंवा मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक द्यावयाचा असतो, तेथे इशारा ओलांडून कदापि पुढे जाऊ नये. ‘ही फाइल बसवा, म्हणजे इशारा येणार नाही’ असा निरोप कोणी धाडला, तर ती फाइल बसवू नये. तसे केल्याने अनोळखी माणसाच्या शिक्क्याला विश्वासपात्रांच्या यादीत स्थान मिळते. काही कार्यालयांत अंतर्गत वापराची संकेतस्थळे स्वतःच स्वतःला दिलेल्या प्रमाणपत्रावर चालतात आणि कर्मचाऱ्यांना रोज इशारा ओलांडण्याची सवय लागते. हीच सवय एखाद्या दिवशी बँकेच्या पानावर महागात पडते. तेव्हा अशा ठिकाणी रीतसर प्रमाणपत्र बसविणे हे कार्यालयप्रमुखांचे कर्तव्य ठरते.

उलट बाजूही ध्यानात असावी. इशारा आला नाही म्हणजे समोरचा माणूस प्रामाणिक, असे मुळीच नाही. ठकसेनासही आपल्या संकेतस्थळासाठी खरे प्रमाणपत्र मिळू शकते. बंद कुलपाचे चिन्ह पाहून लोकांचा असा गैरसमज होत असल्याने २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरने पत्त्याजवळचे ते चिन्ह काढून टाकले. प्रमाणपत्र नावाची खात्री देते, नियतीची नव्हे. पत्ता वाचण्याचे काम माणसालाच करावे लागते. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

शिक्षकांनी संगणकाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून घड्याळ मुद्दाम मागे करवून हा इशारा दाखवावा व घड्याळ पूर्ववत करवून तो नाहीसा होताना दाखवावा. एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल घरी आई-वडिलांनाही सांगते. ग्रामपंचायतीत व शाळेत संगणकाजवळच्या भिंतीवर पुढील क्रम ठळक अक्षरांत लावून ठेवावा : आधी घड्याळ पाहावे, मग पत्ता, मग जोडणी बदलून पाहावी, मग ब्राउझर अद्ययावत करावा, आणि तरीही इशारा राहिल्यास संबंधित कार्यालयास कळवावे. अर्जाच्या शेवटच्या दिवशी रांगेतील पालकांना याचा फार उपयोग होईल.