आडोसा आणि अग्नी

गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत उघड्यावर चूल मांडणारा प्रथम आडोसा शोधतो. वाऱ्याने ऊब नेली, तर लाकडे कितीही घाला, भात शिजत नाही.

हायड्रोजनची अणुकेंद्रे जोडून सूर्याचा अग्नी पृथ्वीवर पेटविण्यातही हीच अडचण आहे. २० वर्षांत हे साधेल, असे भाकीत डॉ. होमी भाभांनी १९५५ साली जिनीव्हा येथे केले. ते फळले नाही. टोकामाक यंत्रात १० कोटी अंशांपर्यंत तापलेल्या प्लाझ्माला चुंबकीय क्षेत्राचा आडोसा असतो. परंतु प्लाझ्मातच सूक्ष्म भोवरे उठून उष्णता कडेला नेतात.

१९८२ साली जर्मनीत गार्खिंग येथे ऊब एकाएकी सुमारे दुप्पट काळ टिकली. कडेचे थर भिन्न वेगांनी वाहून भोवरे फाडतात, हा उलगडा पुढे झाला. आडोसा असा अग्नीनेच उभारला!