अव्यवस्थित चुंबकांचें गणित

लोखंडाचा चुंबक तापवीत गेल्यास सुमारें ७७० अंश सेंटिग्रेडला त्याचें चुंबकत्व लोपतें. अशा उष्णतामानास प्येर क्यूरी या फ्रेंच शास्त्रज्ञाचें नांव आहे. त्यांचें संशोधन १८९५ सालीं प्रसिद्ध झालें. चुंबकत्व ज्या प्रमाणांत घटत जातें त्याचे घातांक एका वर्गाच्या सर्व पदार्थांत सारखेच असतात. मग पदार्थांत भेसळ असली तर ते टिकतात काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

लेंझ यांनीं १९२० सालीं एक साधें चित्र सुचविलें व त्यांचे शिष्य ईझिंग यांचा त्यावरील लेख १९२५ सालीं निघाला. प्रत्येक अणूचें तोंड वर अथवा खालीं, आणि शेजाऱ्याशीं एकमत करण्याकडे त्याचा कल, असें तें चित्र. सपाट जाळीचें गणित ऑन्सागर यांनीं १९४४ सालीं सोडविलें. घनाकृति जाळीचें अचूक सूत्र अद्याप सांपडलेलें नाहीं. पुढें १९७४ सालीं हॅरिस यांनीं असा निकष मांडला कीं, शुद्ध पदार्थाची विशिष्ट उष्णता क्यूरीबिंदूपाशीं अमर्याद वाढत असेल, तर अल्प भेसळीनेंहि घातांक बदलतात. घनाकृति जाळींत ती तशी वाढते. पण हें पडताळावें कसें?

बाजूस दहा अणु धरले तरी एकूण हजार होतात व त्यांच्या मांडण्यांची संख्या ३०२ अंकी येते. त्या सर्व मोजणें संगणकासहि अशक्य. म्हणून मेट्रोपोलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेली युक्ति वापरतात. एक अणु निवडावा. त्याचें तोंड फिरविल्यानें ऊर्जा घटत असेल तर तें फिरवावें. वाढत असेल तर जणूं फांसा टाकून ठरवावें, आणि उष्णता जितकी कमी तितका फांसा प्रतिकूल असावा. क्यूरीबिंदूपाशीं अणूंचे मोठमोठे कळप बनतात व ही रीत मंदावते. तेव्हां सबंध कळपच एकदम फिरविण्याची रीत स्वेंडसेन व वांग यांनीं १९८७ सालीं दिली.

भेसळीच्या चुंबकांत आणखी एक अडचण आहे. शितावरून भाताची परीक्षा करावी असें म्हणतात. पण येथें प्रत्येक शीत वेगळें शिजलेलें असतें. चुंबकत्वहीन अणु कोठें पडले यावर उत्तर अवलंबून असल्यामुळें शेंकडों, हजारों नमुने घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते. शिवाय खरा क्यूरीबिंदु अतिविशाल पदार्थांतच असतो. यासाठीं जाळीची बाजू ८, १६, ३२, ६४ अशी वाढवीत नेतात, आणि बिंडर यांनीं १९८१ सालीं सुचविलेल्या गुणोत्तराच्या वक्ररेषा जेथें एकमेकींस छेदतात तेथें तो बिंदु मानतात.

अणूंचें एकमत किती दूरवर पोंचतें, याचा घातांक शुद्ध घनाकृति जाळींत सुमारें ०.६३ आहे, भेसळीच्या जाळींत तो सुमारें ०.६८ आला. हॅरिस यांचा निकष खरा ठरला. फरक लहान आहे. घाईच्या गणनेंत तो दिसलाच नसता.

तांब्यांत थोडें मँगनीज मिसळलें असतां तर कांहीं जोड्यांस एकमत हवें असतें, कांहींस विरोध; तेथें गणना दरींत सांपडल्याप्रमाणें खिळून राहते. एकाच नमुन्याच्या अनेक प्रति निरनिराळ्या उष्णतामानांवर ठेवून त्यांची अदलाबदल करण्याचा उपाय हुकुशिमा व नेमोतो यांनीं १९९६ सालीं मांडला. तरीहि भिन्न प्रारंभांपासून निघालेल्या दोन गणना एकाच उत्तरास पोंचल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवूं नये, असा जाणत्यांचा दंडक आहे.